आधी थोरल्याने बोलायचं

६ जानेवारी

ती. दादास आणि ती. वहिनींस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, वहिनींनी विणलेला स्वेटरही पोचला. स्वेटर मापात बसला, पत्र मात्र नेहमीसारखं आखूड. निवृत्त माणसाला चार ओळींपलीकडे सवड होत नाही, हे काही मला पटत नाही.

माझी परीक्षा बावीस मार्चला ठरली. फॉर्म भरायला केंद्रावर गेले, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या की विद्यार्थ्यालाच यावं लागेल, आईनं येऊन चालणार नाही. मी म्हटलं, विद्यार्थीच आलाय, आई घरी आराम करतेय. बाई बिचाऱ्या ओशाळल्या. एक्कावन्नाव्या वर्षी बी. ए. करायचं म्हणजे असं ऐकून घ्यावंच लागतं. आपल्या सूतगिरणीच्या रंगखोलीतही चेष्टा चालते. चष्मेबाबू मला प्रोफेसर म्हणायला लागलेत. तुझ्यामागे खुर्ची त्यांच्याकडे आली, पण तुझी ती चपटी झालेली उशी त्यांनी अजून बदललेली नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे लाल पेन्सिल काढ. सामाजिक मानसशास्त्राचं पहिलं उत्तर सोबत आहे. प्रश्न असा : अनुरूपता म्हणजे काय, ते प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करा, गुण दहा. थोडक्यात सांगते. एका प्राध्यापकानं खोलीत सात-आठ जण बसवले. एक रेघ दाखवली आणि शेजारी आणखी तीन. पहिल्या रेघेएवढी कुठली, ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल असं काम. पण त्यातला एकच उमेदवार खरा, बाकीचे सगळे प्राध्यापकाला सामील. ते ठरवून चुकीच्या रेघेवर बोट ठेवायचे. मग खरा उमेदवार डोळे चोळायचा, चुळबुळायचा आणि पुष्कळदा तीच चुकीची रेघ सांगून मोकळा व्हायचा. कुणाला स्वतःच्या नजरेचीच शंका यायची, कुणाला नुसतं वेगळं पडायला नको असायचं. शेवटी मी एक वाक्य जोडलंय, की त्या घोळक्यातला एक जरी खरं बोलला, तरी उमेदवाराला कंठ फुटायचा. एक जोडीदार पुरे व्हायचा.

दयामाया न दाखवता तपास. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो परीक्षेपुरता जरा वाढव.

तुझी,
बारकी


१४ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

उत्तर तपासलं. दहापैकी सहा. अक्षर नेटकं आहे म्हणून सहा, नाहीतर पाच. अनुरूपता हा शब्द वाचताना माझी कवळी हलली. सरळ 'दुसऱ्याची री ओढणे' असं लिही, म्हणजे तपासणाऱ्यालाही कळेल. शेवटचं जोडीदाराचं वाक्य मी खोडलं आहे. विचारलं तेवढंच लिहावं. हा पाल्हाळ आहे.

आणि ते उमेदवार कुठून गोळा केले होते गं? डोळ्यांसमोरची रेघ दिसत असताना दुसरीच सांगायची, म्हणजे कमालच झाली. माझ्या खोलीत असले लोक एक दिवस टिकले नसते. आपलं काम ते काय वेगळं होतं? दिव्याच्या पेटीत गिऱ्हाइकाचा दोरा एका बाजूला, रंगाऱ्याने काढलेला नमुना दुसऱ्या बाजूला. शेड जुळतो की नाही, चौघांनी बघून सांगायचं. आधी थोरल्याने बोलायचं, मग वयाप्रमाणे खाली. हा शिरस्ता मी घातला, म्हणून आपल्याकडे कधी गलका झाला नाही. तीस वर्षांत चौघांचं मत एकदाही फुटलं नाही, हे तुझ्या प्राध्यापकाला कळव.

ते मोरपंखी रीळ अजून माझ्या कपाटात आहे. पत्र्याच्या डबीत, कापडात गुंडाळून, शेजारी गिऱ्हाइकाचा दोरा. सहा वर्षांपूर्वी तो माल परत आला, तेव्हा आपण चौघे ठाम राहिलो, की खोलीतून गेला तेव्हा शेड जुळत होता, रंगाऱ्याने नंतर प्रमाण बदललं. तो म्हणत राहिला की मी काही बदललं नाही. अजूनही कधी मन खट्टू झालं की डबी उघडून दोन्ही बघतो. एकास एक जुळतात.

बाकी ठीक. तुझी वहिनी मात्र माझ्यामागे हात धुऊन लागली आहे. काल म्हणे मी एक मोजा काळा घातला होता आणि एक गडद निळा. दोन्ही काळेच होते. तिला आता चष्मा बदलायला हवा.

पुढचं उत्तर पाठव. तब्येतीला जप.

तुझा,
दादा


२३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सहा गुण मिळाले, आभारी आहे. सोबत आज्ञापालनाचं उत्तर आहे. त्या प्रयोगात पांढरा कोट घातलेला माणूस शेजारी उभा राहून सांगत राहतो, की बटण दाबा, पलीकडच्या माणसाला विजेचा झटका बसू दे, जबाबदारी आमची. झटका खोटा असतो, पण दाबणाऱ्याला ते ठाऊक नसतं. तरी निम्म्याहून जास्त लोक शेवटच्या बटणापर्यंत जातात. हे लिहिताना माझा हात तीनदा थांबला. का, ते सांगते.

गेल्या महिन्यात राखी रंगाचा माल गेला होता. नमुना पेटीत ठेवला तेव्हा मला तो स्पष्ट गुलाबी झाक मारताना दिसला. गाडी दाराशी उभी होती. चष्मेबाबू म्हणाले, जुळतो. त्यांच्या खालच्या बाई म्हणाल्या, जुळतो. मग मी. दादा, मी पण म्हटलं, जुळतो. कुणी माझा गळा धरला नव्हता. माझ्यानंतर आपला उंच्या, त्यानंही तेच म्हटलं. चार तास आधी मी घरी बसून रेघांचं उत्तर पाठ करत होते.

तो माल परवा परत आला. आता रंगाऱ्यावर आलंय. हा रंगारी तू पाहिलेला नाहीस. अबोल माणूस आहे, कोपरापर्यंत हात कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे, दोन मुली शाळेत. टायपाचा एक कागद आलाय : नमुना चौघांच्या मते जुळत होता, नंतर रंगाऱ्याने प्रमाण बदललं. खाली चार नावं. तीन सह्या झाल्यात. पंधरा फेब्रुवारीला चौकशी आहे. माझी सही पडली की त्याची नोकरी गेली.

कागद माझ्या खणात पडून आहे. चष्मेबाबू रोज गोड आवाजात आठवण करतात. मी काय करू?

तुझी,
बारकी


३० जानेवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

यात विचारायचं काय? सही करू नकोस. एका गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा आणि संध्याकाळी मानसशास्त्र वाचायचं, हे आपल्या घरात चालणार नाही. चष्मेबाबूला माझं नाव सांगून ठणकाव. मी हाताखाली धरून शिकवलेला माणूस आहे तो. माझ्या वेळी असा प्रकार झाला नाही याचं कारण एवढंच, की खुर्चीवर बसणाऱ्याची नजर साफ होती. मोरपंखीच्या वेळी रंगारी खरोखरच दोषी होता, तेव्हा सही करताना माझा हात अडखळला नाही. इथे तो निर्दोष आहे, तर मान ताठ ठेव.

आज्ञापालनाला दहापैकी सात. मी त्या खुर्चीत असतो तर पहिल्या बटणालाच उठून बाहेर पडलो असतो, आणि कोटवाल्याला चार शब्द सुनावले असते ते वेगळेच.

काय झालं ते लगेच कळव.

तुझा,
दादा


५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आधी एकट्यानं वाच. मग वाटलं तर वहिनींना दाखव.

तू मला या खोलीत आणलंस. बाबा गेले, माझं कॉलेज सुटलं, तेव्हा तू हाताला धरून दिव्याच्या पेटीसमोर उभं केलंस आणि सुताच्या राखी रंगाचे अकरा प्रकार ओळखायला शिकवलंस. माझी नजर म्हणजे तुझीच देणगी आहे. म्हणून पुढचं लिहिणं जड जातंय.

मोरपंखी जुळत नव्हता. गिऱ्हाइकाचा दोरा निळ्याकडे झुकलेला होता आणि आपला हिरव्याकडे. मला दिसलं होतं. तू म्हणालास, जुळतो. मग चष्मेबाबू म्हणाले, जुळतो. मला वाटलं, दादाची नजर ती, माझंच काहीतरी चुकतंय. काल नळावर मी चष्मेबाबूंना सरळ विचारलं. ते बराच वेळ पेला विसळत राहिले. मग म्हणाले की दिसलं त्यांनाही होतं, पण तुमच्या दादांच्या तोंडून शब्द गेल्यावर त्यांचं तोंड उघडलं नाही. त्यानंतरही आम्ही दोघं सहा वर्षं एकाच खोलीत बसतोय, आणि हे पहिल्यांदा बोललो.

तो रंगारी आता बॉयलरवर असतो, तुला माहीत आहे. त्याला काढलं नाही, कोळसा ओढायला लावलं, म्हणून तेव्हा सगळ्यांनी तुला दयाळू म्हटलं होतं. मी रोज सकाळी त्याच्यासमोरून जाते. तो रोज हात वर करतो. मीही करते.

मी सही केली नाही, तर मॅनेजर विचारणार की चुकलेला नमुना चौघांच्या नजरेतून सुटला कसा. मग मला आपला शिरस्ता सांगावा लागेल. पहिल्यांदाच असं झालं का, असं विचारलं तर मोरपंखी सांगावा लागेल. त्यात तुझं नाव येईल. तुझा फोटो अजून खोलीच्या भिंतीवर आहे, दादा.

मी तुझी परवानगी मागत नाही. मागितली तर पुन्हा तेच झालं, आधी थोरल्याने बोलायचं. मागच्या पत्रात विचारून बसले, ते चुकलं. म्हणून या वेळी आधी मी बोलते. सही करणार नाही, आणि विचारतील ते खरं सांगणार आहे.

मला तुझी भीती वाटत नाही. तू दुखावशील याची वाटते. खूप वाटते.

तुझीच,
बारकी


१३ फेब्रुवारी

प्रिय बारके,
सप्रेम आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे ते यांना ठाऊक नाही. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून घरात मौन चालू आहे. पत्र सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतात. ते धुवायला जाणार होतं म्हणून मी काढलं आणि वाचलं. रागावू नकोस.

तीन दिवसांनी डबी घेऊन खिडकीत बसले. मला हाक मारून विचारलं, हे दोन रंग सारखे आहेत का? मी म्हटलं, नाहीत, एक निळसर आहे. तुला रंगातलं काही कळत नाही म्हणाले. मग कपडे इस्त्री करणारा आला, त्याला विचारलं. तोही नाही म्हणाला. त्याला पण काही कळत नव्हतं. दुपारी मात्र स्वतःच्या पायातल्या मोज्यांकडे किती तरी वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला मुरलेला, कित्येक वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू पिवळा पडदा धरत गेला की माणसाला स्वतःला कळत नाही. हे त्यांच्याशी वाद घालत होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन एकोणीसला ठरलं आहे.

तुझ्यावर रागावलेत का, ते मला सांगता येत नाही. पण तुझी उत्तरं काढून परत वाचत होते.

तुझी,
वहिनी


१७ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चौकशीच्या आदल्या दिवशी मिळालं. वाचून रडले आणि मग जेवले सुद्धा, कारण पोटात दोन दिवस काही नव्हतं.

परवा मॅनेजरसमोर मी सांगितलं की नमुना जुळत नव्हता, मला दिसला होता आणि मी गप्प बसले. रंगाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं पण नाही, हातांकडे बघत उभा होता. मॅनेजरनं बाकीच्या तिघांना विचारलं. वयाप्रमाणे. तिघं म्हणाले, जुळत होता. मोरपंखीचंही सांगितलं मी. त्यावर मॅनेजर हसला. तीस वर्षांत जे घडलं नाही ते तुम्हा एकट्या बाईंनाच कसं दिसलं, असं म्हणाला. पुरावा असेल तर पाच मार्चपर्यंत आणा म्हणाला. तोपर्यंत रंगाऱ्याला रंगाच्या हौदावरून काढलंय आणि मला बांधणीच्या टेबलावर बसवलंय. दिवसभर खोके चिकटवते. उंच्या दुरून बघतो आणि मान वळवतो.

दादाला यातलं काही सांगू नका. डोळ्याला पाणी चालत नाही.

तुमची,
बारकी


१ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला पत्रं लपवता येत नाहीत. साखरेच्या डब्यात ठेवली होती.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची पट्टी काढली. पहिली गोष्ट दिसली ती दवाखान्याची भिंत. ती पांढरी होती. मी इतकी वर्षं कशाला पांढरं म्हणत होतो कोण जाणे. एक डोळा झाकून बघतो, दुसरा झाकून बघतो, लहान मुलाने खेळावं तसं चाललं आहे.

घरी आल्यावर डबी उघडली. आधी डाव्या डोळ्याने पाहिलं, मग उजव्या. काय दिसलं ते इथे लिहीत नाही. दोन्ही दोऱ्यांचा एकेक तुकडा या कागदाला चिकटवला आहे. तो दिव्याखाली धर, तुझं मत मागच्या बाजूला शाईने लिही आणि मगच सोबतचं लहान पाकीट फोड. माझं मत त्यात आहे. आधी फोडलंस तर गुण शून्य.

मॅनेजरला रजिस्टर पत्र गेलं आहे. त्यासोबत रीळ, गिऱ्हाइकाचा उरलेला दोरा आणि डॉक्टरांचा दाखला आहे.

एक राहिलं. पहिल्या उत्तरातलं जोडीदाराचं वाक्य मी खोडलं होतं. ते परत घाल.

तुझा,
दादा


२३ मार्च

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

काल पेपर झाला. मुद्दाम त्यानंतर लिहिते आहे, म्हणजे सगळं एकदम सांगता येईल.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बांधणीच्या टेबलावरच होते. हातांना डिंक होता, तो धुऊन खोलीत गेले. चष्मेबाबू खुर्चीवर होते. त्यांना म्हटलं, पेटी दोन मिनिटं लागेल. कागद दिव्याखाली धरला आणि मागे लिहिलं : जुळत नाही, आपला हिरवा जास्त. मग पाकीट फोडलं. तुझ्या त्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं : जुळत नाही, आपला हिरवा जास्त. आणि खाली, तुझं बरोबर होतं, तेव्हाही. मी तिथंच स्टुलावर बसले. चष्मेबाबूंनी कागद मागून घेतला आणि वाचला. चष्मा काढून पुसला. मग कागद परत माझ्या हातात दिला.

पाच तारखेला मॅनेजरनं तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. 'माझी नजर गेली होती आणि माझ्या शिरस्त्यामुळे ते मला कुणी सांगू शकलं नाही', हे वाक्य वाचताना त्याचाही आवाज उतरला. नंतर चष्मेबाबू उठले आणि म्हणाले की राखी नमुना जुळत नव्हता. उंच्या लगेच उठला. बाई म्हणाल्या की त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं, आणि मला ते सगळ्यांत खरं वाटलं. रंगारी त्याच दिवशी परत हौदावर गेला. जाताना मला म्हणाला की राखीत लाल कमी घालायला हवा होता हे त्यालाही वाटलं होतं, पण खोलीतून जुळतो आलं म्हणून तो गप्प राहिला. आता आम्ही चौघं चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठ्या एकदम उलटतो. पहिल्या आठवड्यात सात वेळा मतं फुटली. गलका होतो, पण मजा येते.

पेपरात विचारलं होतं, सामाजिक प्रभावाचं स्वतःच्या अनुभवातलं एक उदाहरण देऊन विवेचन करा, गुण पंधरा. मी चार पानं लिहिली. दोन्ही दोरे लिहिले, राखी आणि मोरपंखी. नावं नाही घातली. जोडीदाराचं वाक्य घातलंय.

आता बॉयलरवरच्या जुन्या रंगाऱ्याचं. मॅनेजरनं त्यांना बोलावून तुझं पत्र हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. परत हौदावर या म्हटलं तर नको म्हणाले, निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय. मग माझ्याकडे आले आणि विचारलं, की दादांचा डोळा दुखतो का. मी नाही म्हटलं. तेव्हा म्हणाले की पत्र चांगलं आहे, पण सहा वर्षांपूर्वी मला खोटं ठरवलं ते पत्रातून नव्हे, तोंडावर, चारचौघांत. बरं करायचं तर तसंच व्हायला हवं. तू येशील का, असं विचारत होते.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुझ्या वतीनं मी बोलणार नाही. तू ठरव. जे ठरवशील त्यानंतरही मी तुझी धाकटीच आहे.

वहिनींना नमस्कार आणि साखरेच्या डब्याबद्दल आभार.

तुझी,
बारकी


२८ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळच्या गाडीने येतो. स्टेशनावर येऊ नकोस. आधी बॉयलरवर जाईन, घरी नंतर. भिंतीवरचा फोटो मी येण्याआधी उतरवून ठेव.

तिथे सगळे जमतील तेव्हा कुणी काही बोलू नका. त्यांनाही बोलायला लावू नका. एवढ्या एका वेळी आधी थोरल्याने बोलायचं.

तुझा,
दादा